पुलापलीकडचा भिडू

माझी सून घरूनच ऑफिस करते. म्हणजे हॉलमधल्या टेबलावर कॉम्प्युटर उघडायचा, कानात ते बोळे घालायचे आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत भिंतीशी बोलत बसायचं. तेवढ्या वेळात मी खोकायचं नाही, भांडं आपटायचं नाही, नळ जोरात सोडायचा नाही. एकदा मला शिंक आली तर पलीकडचा तिचा कोण साहेब होता तो दचकला म्हणे. त्या दिवशी जेवताना सुनेनं माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. वाईट नाही हो ती. तिचं पोट आहे त्यावर, आणि माझ्या मुलाचंही अर्धं तिच्यावरच आहे. पण माझा उभा जन्म हॉटेलच्या धोबीखान्यात गेला. मशिनांच्या घरघरीवर ओरडून बोलायची सवय, चादर मागायची तरी बोंब मारून. आता म्हातारपणी कुजबुजायला शीक म्हणे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार नुसता.

म्हणून मी पूल ओलांडते.

नदीच्या त्या बाजूला आमच्या शहराला चिकटूनच दुसरी वस्ती आहे. तिची नगरपालिका वेगळी, बसचा रंग वेगळा. आमच्याकडचे लोक तिला नुसतं "पलीकडे" म्हणतात, तेही नाक मुरडून. बुटक्या इमारती, गॅरेजं, जुन्या फर्निचरची दुकानं, ओले राहिलेले फुटपाथ. थंडीत तर दिवसभर धुकं नाही तर धूर, काय ते कळत नाही. बघण्यासारखं तिथं काही म्हणजे काही नाही. पण तिथं मला कुणी ओळखत नाही आणि कुणी गप्प बसवत नाही. घरी सांगितलंय, गुडघ्याच्या व्यायामाला जाते, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. मुलगा परवापरवापर्यंत म्हणत होता, "आई, फरक पडतोय हं तुझ्यात." पडणारच. इतकी हसत होते तिथं जाऊन.

पहिल्यांदा गेले तेव्हा खरं तर बाथरूम शोधत गेले होते. लाजायचं काय त्यात, या वयात माणूस नवीन गावात गेला की आधी तेच बघतो. पालिकेच्या वाचनालयाची पाटी दिसली, दोन जिने चढले, काम उरकलं आणि परत येताना दार चुकले. मागच्या बाजूला काचेची गॅलरी होती, मोडक्या खुर्च्या आणि जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे टाकायची. तिथं एका टेबलाशी तिघं म्हातारी माणसं पत्ते हातात घेऊन चौथ्याची वाट बघत बसली होती. त्यातला मिशीवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "खेळता येतं?"

मी म्हटलं, "तुमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं."

बसले ती बसलेच.

तिथं कुणाला नाव नव्हतं. तो मिशीवाला फौजदार. मिशीमुळे, आणि सगळे नियम त्यानंच केले होते म्हणून. दुसरी एक गोल चेहऱ्याची बाई, कानावर मफलर गुंडाळून बसायची, बोलायची म्हणजे हुकूम सांगण्यापुरती. ती मौनीबाई. माझा आवाज ऐकून पहिल्याच दिवशी माझं नाव तोफ पडलं. आणि माझ्यासमोर बसायचा तो कासव. उंच, वाळका, एक पाय आखूड, म्हणून डाव्या बुटाला चांगला तीन बोटं जाड तळ. चालायचा सावकाश आणि पत्ता टाकायला त्याहून सावकाश. एक दुरी टाकायची तरी असा विचार करायचा, जशी काही मुलीची सोयरीक जमवतोय. आम्ही जोडीनं खेळायचो, समोरासमोरचे दोघं भिडू. कासव माझा भिडू.

फौजदाराचा मोठा नियम एकच होता. घरचा विषय काढायचा नाही. मुलगा, सून, दुखणं, डॉक्टर, मेलेला नवरा, जिवंत जावई, काही नाही. ज्याच्या तोंडून असलं काही निघेल त्यानं खाली जाऊन समोरच्या टपरीवरून चौघांचा चहा आणायचा. दोन जिने उतरून, ट्रे घेऊन परत दोन जिने चढून. या वयात ही शिक्षा लहान नाही. कुणी चुकलं की आम्ही बाकीचे टेबलावर थाप मारून ओरडायचो, "चहा!" खालच्या हॉलमधले वाचणारे वर बघायचे. मला तर तो नियम म्हणजे दुधात साखर. घरोघरी मातीच्या चुली, त्यांचा धूर इथं कशाला? तिथं मी कुणाची सासू नव्हते, कुणाची आजी नव्हते. नुसती तोफ होते.

तोटा एवढाच की आम्हाला एकमेकांचं काही माहीत नव्हतं. नाव नाही, घर नाही, फोन नंबर तर नाहीच. वारावर यायचं, खेळायचं, जायचं. तेव्हा मला तो तोटा वाटलाच नाही.

कासव मला बसस्टॉपपर्यंत सोडायला यायचा. खरं म्हणजे मीच त्याला सोडायचे, इतका तो हळू. वाटेत तो दुकानांच्या पाट्या वाचायचा आणि मी त्यांच्यावर शेरे मारायचे. मग तो तोंडावर हात ठेवून हसायचा. कुणी म्हणेल, म्हातारचळ. तसलं काही नव्हतं. पण जीव लागला होता, हे खोटं कशाला सांगू? सोमवारी रात्री मी अंथरुणावर पडले की उद्या कासवाला काय सांगून हसवायचं ते ठरवायचे.

त्या मंगळवारी मळभ होतं, गॅलरीत दिवा लावून खेळत होतो. कासवाचा डाव होता. त्यानं पत्ते खाली ठेवले आणि म्हणाला, "परवा डॉक्टर म्हणाले की..."

"चहा!" आम्ही तिघं एकदम ओरडलो. त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा, ते सांगायला नको.

तो थांबला. मग हसला, नेहमीसारखा तोंडावर हात ठेवून, आणि उठून गेला. बराच वेळ आला नाही. फौजदार म्हणाला, "टपरी गावाबाहेर हलवली वाटतं." अखेर आला तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता, अर्धा चहा ट्रेमध्ये सांडला होता. बसताना त्यानं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. "कासव सशाशी शर्यत लावून आलं," फौजदार म्हणाला आणि आम्ही हसलो. कासवही हसला. मग पुढचा डाव खेळलो आणि आम्ही दोघं जिंकलो.

स्टॉपवर माझी बस आली तेव्हा तो म्हणाला, "तोफबाई, तुम्ही तिकडे राहता कुठे? म्हणजे कुठल्या भागात?"

"चहा!" मी म्हणाले आणि बसमध्ये चढले. चेष्टेत म्हणाले हो. दुसरं काय?

शुक्रवारी तो आला नाही. आम्ही चौथा हात उघडा मांडून खेळलो, मजा आली नाही. पुढच्या मंगळवारी पण नाही. फौजदार म्हणाला, "येईल. कंटाळला असेल तुमच्या आवाजाला."

"माझ्या आवाजाला? तुमच्या मिशीला कंटाळला असेल."

पण मिशी ओढत बसला होता तो, पिसलेलेच पत्ते परत परत पिसत. तेवढ्यात मौनीबाई मफलर सोडून म्हणाली, "त्याला बरं नव्हतं. दिसत होतं की. शोधायला पाहिजे."

तिच्या तोंडून इतकी वाक्यं मी पहिल्यांदा ऐकली. कुणी "चहा" म्हणालं नाही. पण शोधायचं तर कुणाला? आमच्यातल्या एकालाही त्याचं नाव माहीत नव्हतं. फौजदार म्हणाला, वाचनालयाचा सभासद असेल. खाली टेबलावरच्या मुलीनं विचारलं, "नाव काय त्यांचं?" आम्ही उंची सांगितली. ती म्हणाली, नावाशिवाय मी बघू कशात? तिचं काय चुकलं?

ठरलं की शुक्रवारी सकाळपासूनच बाहेर पडायचं. घरी मी म्हटलं, आज व्यायाम लवकर आहे. सुनेनं बोट ओठावर ठेवून मान हलवली, म्हणजे जा. आमच्या घराच्या कोपऱ्यावर मोठं सरकारी हॉस्पिटल आहे, त्याच्या फाटकासमोरच माझा स्टॉप. बस यायला वेळ लागला. मी तिथं उभी राहून पाय आपटत होते, बसला शिव्या घालत होते, कारण मला कासवाला शोधायला जायचं होतं.

तो सगळा दिवस पलीकडच्या गल्ल्यांमधून हिंडलो. तीन म्हातारी माणसं, त्यातल्या एकीचा गुडघा खरंच दुखायला लागलेला. खोटं बोलले त्याची शिक्षा, दुसरं काय? फौजदार पुढे चालायचा, हातात छत्री घेऊन, जसा काही तपासच करतोय. मी दुकानात शिरून विचारायचे. औषधांच्या दुकानात मी वर्णन सांगितलं, उंच, वाळका, लंगडत चालतो. दुकानदार म्हणाला, "नाव?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "कासव."

"आजी, हे औषधांचं दुकान आहे," तो म्हणाला.

बाहेर येऊन मी हसले, मग मला रडायलाच आलं. मौनीबाईनं माझा दंड धरून ठेवला. फौजदार छत्रीचं टोक फुटपाथवर आपटत म्हणाला, "मी तो नियम केला नसता तर मीच पहिला रोज रडलो असतो तिथं बसून. तुम्हाला काय माहीत माझ्या घरी काय आहे ते." आणि पुढे काही सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. सवयच नव्हती.

घरी गेले तेव्हा मुलानं विचारलं, चेहरा का असा? म्हटलं, व्यायाम जास्त झाला. रात्री अंथरुणात पडून विचार करत राहिले, त्या माणसाबद्दल मला एक तरी गोष्ट माहीत आहे का, जिच्यावरून दुसरं कुणी त्याला ओळखेल? मग आठवला तो बूट. तीन बोटं जाड तळ दुकानात मिळत नाही. कुणीतरी हातानं लावलेला असणार.

शनिवारपासून सोमवारपर्यंत घरातून पाय काढता आला नाही. नातीला ताप होता आणि सुनेच्या मीटिंगा. मंगळवारी पहिल्या बसनं गेले. पलीकडे बूट दुरुस्त करणारे दोघंच. पहिल्यानं नाही सांगितलं. दुसरा पुलाखाली बसतो, लाकडी खोक्यात. मी वर्णन पुरं करायच्या आधीच तो म्हणाला, "डावा ना? दर थंडीत नवीन तळ लावून नेतात. यंदा नाही आले अजून." त्यानं हातानं गल्ली दाखवली. मी वाचनालयात जाऊन त्या दोघांना उठवलं आणि आम्ही गेलो.

घर म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, कुलूप लावलेली. खिडकीतून दिसलं, पलंग, टेबल, एकच खुर्ची. दोरीवर एक टॉवेल. घरमालकीण वरच्या जिन्यावरून वाकून म्हणाली, "कोण पाहिजे?"

"इथं राहतात ते... उंच... बूट..." मी म्हणाले.

तिनं त्याचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, आडनावासकट. पहिल्यांदाच ऐकत होते. ते नाव दुसऱ्याच कुणाचं तरी वाटलं मला.

"ते तर हॉस्पिटलात गेलेत. ऑपरेशन होतं. पिशवी घेऊन एकटेच गेले, मी म्हटलं कुणाला बरोबर न्या, तर म्हणाले माझी माणसं आहेत. तुम्हीच का ती?"

 फौजदारानं टोपी काढली.

"कुठल्या हॉस्पिटलात?" मी विचारलं.

"पलीकडच्या. पूल उतरला की मोठं सरकारी आहे ना, स्टॉपच्या समोर."

 काखेत कळसा नि गावाला वळसा, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आले. माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता तो. आणि तेव्हा कुठं मला कळलं, स्टॉपवर त्यानं माझं घर का विचारलं होतं. त्याला माझ्या बाजूला यायचं होतं. कुणीतरी भेटायला यावं म्हणून विचारत होता, आणि मी चहा म्हणाले.

फौजदार म्हणाला, "तुम्ही जा. तुम्हाला तिकडचं माहीत. दुपारी भेटायची वेळ असते. आम्ही गॅलरीत बसतो, बंद होईपर्यंत. निरोप घेऊन या." मग म्हणाला, "त्याला सांगा, जागा कुणाला दिली नाही म्हणावं."

बसमध्ये मी त्याचं नाव पुटपुटत होते, विसरू नये म्हणून. आणि काय काय बोलायचं ते ठरवत होते. आधी शिव्या द्यायच्या, चांगल्या मोठ्या आवाजात, वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जातील अशा. मग माझ्या घराचा पत्ता सांगायचा. सून, मुलगा, नात, गुडघ्याचं खोटं, सगळं सांगायचं. त्याच्याकडून सगळं ऐकायचं. वेळ संपली म्हणून कुणी हाकललं तरी हलायचं नाही.

हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीवरच्या माणसानं नाव ऐकून मजला सांगितला. लिफ्ट बंद होती. गुडघा धरून चढले. वॉर्डात औषधाचा आणि उकडलेल्या भाज्यांचा वास होता. सिस्टर ट्रे घेऊन चालली होती, लहानखुरी, डोळ्यांखाली काळं आलेली. मी नाव सांगितलं. ती थांबली.

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"भिडू," मी म्हणाले. "पत्ते खेळतो आम्ही. पलीकडे. चौघं."

तिनं ट्रे टेबलावर ठेवला. "म्हणजे तुम्ही खरंच आहात?"

"म्हणजे काय, खरंच आहात? कुठंय तो?"

"आजी, बसा जरा," ती म्हणाली. हे वाक्य मला ओळखता येतं. माझ्या नवऱ्याच्या वेळी पण असंच कुणीतरी बसा म्हणालं होतं. मी बसले नाही.

ऑपरेशन चांगलं झालं होतं, ती म्हणाली. मग छातीत पाणी झालं, ताप चढला. रविवारी सकाळी गेला. घरचं कुणी नाही म्हणून पालिकेला कळवलं, काल त्यांनी सगळं उरकलं.

"कुणी नाही कसं? आम्ही होतो की!" मी ओरडले. सगळा वॉर्ड बघायला लागला. बघू दे.

सिस्टर खाली बघत म्हणाली, "ते रोज सांगायचे, माझी माणसं आहेत, त्यांना कळवा. आम्ही विचारायचो, नाव सांगा, नंबर सांगा. तर म्हणायचे तोफ, फौजदार, मौनीबाई. ताप होता ना अंगात. आम्हाला वाटलं, भ्रमात बोलतायत. हो हो म्हणायचो आणि झोपवायचो." मग म्हणाली, "एक जण याच बाजूला राहते म्हणायचे. कुठे ते माहीत नाही, पण पलीकडची बस धरायला स्टॉपवर येतेच, म्हणायचे."

तिनं खिडकीशेजारची खाट दाखवली. तिच्यावर दुसराच कुणी माणूस तोंडावर हात घेऊन झोपला होता. मी खिडकीशी गेले. खाली हॉस्पिटलचं फाटक, फाटकासमोर माझा स्टॉप. चार माणसं उभी होती. त्यांचे चेहरेसुद्धा ओळखू येत होते.

"उशीला टेकून बसायचे इथं," सिस्टर माझ्या मागे येऊन म्हणाली. "शुक्रवारी सकाळी एकदम ओरडायला लागले. ती बघा, ती बघा उभी आहे म्हणून. काचेवर हात मारायला लागले. आमच्या खिडक्या उघडत नाहीत हो, बंदच केल्यात. हाताचं सलाईन निघालं, रक्त आलं. मी रागावले त्यांना. तुम्ही होता का?"

"मी होते," मी म्हणाले. "बराच वेळ उभी होते. बस येत नव्हती. त्यालाच शोधायला निघाले होते."

ती रडली. मी नाही रडले. माझा आवाजच गेला होता. नुसती काचेवर हात ठेवून उभी होते आणि विचार करत होते, मान वर करायला काय झालं होतं मला? एकदा, नुसती एकदा मान वर केली असती. ज्याच्या पायात ताकद नव्हती तो उठून काच वाजवत होता आणि मी खाली बसला शिव्या देत होते. देवा रे.

थोड्या वेळानं सिस्टरनं टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. म्हणाली, "बाकीच्या दोघांना कळवायचं असेल ना, आजी? इथून लावा."

मी रिसीव्हर उचलला. कुणाला लावणार होते? पलीकडे दोघं दिवा लावून त्या गॅलरीत बसले होते, चौथ्याची खुर्ची रिकामी ठेवून, आणि मला त्यांची नावंसुद्धा माहीत नव्हती. मी रिसीव्हर परत ठेवला, जिने उतरले आणि फाटकासमोर जाऊन पलीकडच्या बसची वाट बघत उभी राहिले.